कुऱ्हाड दमते, कटर दमत नाही

एप्रिल सरत आला की कोकणातल्या घराला एकच घोर लागतो. पाऊस लागायच्या आत काय काय आत घ्यायचं? मीठ, मिरची, सुकट, कडधान्यं, गुरांचा पेंढा आणि लाकडं. जूनमध्ये आभाळ एकदा कोसळलं की रानातली काडीही चुलीत धड पेटत नाही. म्हणून आगोटीच्या या दिवसांत मागच्या पडवीत लाकडं रचली जातात. आमच्या घरी त्याचं माप ठरलेलं आहे. भिंतीपासून खांबापर्यंत लांबी आणि जमिनीपासून तुळईपर्यंत उंची. रास तुळईला लागली की वर्षाची बेगमी झाली.

दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत गॅस घरोघर आला, तरी न्हाणीघरातली चूल विझलेली नाही. अंघोळीचं पाणी तिथे तापतं, गुरांचं आंबोण तिथे शिजतं, फणसाच्या आठळ्या तिथल्याच निखाऱ्यांवर भाजतात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘हातातलं अवजार’ हा विषय सांगितला, त्याच आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. ‘दादा, कटर घेतला. ये, पहिली लाकडं तुझ्यासमोर कापू.’ कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. कंपनीच्या पुस्तिकेत तिचं नाव चेनसॉ. वाडीत मात्र ती ‘कटर’ आणि चालवणारा ‘कटरवाला’. आमच्या घरची लाकडं आजवर कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने झाली. त्या घरात हे यंत्र आल्यावर नेमकं काय बदलतं, ते बघायला मी गेलो.

खोकं उघडलं तेव्हा

ओटीवर गोणपाट अंथरून भावाने सगळे भाग मांडले होते. ५८ सीसीचं इंजिन, १८ इंचांची पोलादी पट्टी, गुंडाळलेली साखळी, पाना, एक गोल कानस आणि तेल मोजायच्या खुणा असलेली बाटली. जोत्यावर आबा येऊन बसले होते. आबा आमच्या नात्यातले नाहीत, पण आमच्या दोन पिढ्यांची लाकडं त्यांनी तोडली आणि फोडली. आता पंचाहत्तरी उलटली आहे. कुऱ्हाड घेऊन ते रानात जात नाहीत, पण कुठे लाकूड पडल्याचा आवाज आला की बघायला मात्र येतात.

पट्टी म्हणजे लांबट, चपटी जीभ. तिच्या कडेने खाच असते आणि त्या खाचेतून साखळी सायकलच्या चेनसारखी फिरते. साखळीवर ठरावीक अंतराने दात असतात. एक डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे. प्रत्येक दातापुढे एक बुटकी गाठ असते. दात लाकडात किती खोल जाणार, हे ती गाठ ठरवते. दाताची धार आणि गाठ यांच्या उंचीतला फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक. तेवढ्या फरकावर सगळं काम चालतं. गाठ उंच राहिली तर दात नुसता घासतो, फार तासली गेली तर दात लाकडात अडकून यंत्र हिसके देतं.

भाऊ साखळी चढवत असताना आबांनी विचारलं, ‘दातांची तोंडं कुठं हायत?’ नवख्याची पहिली चूक इथेच होते. पट्टीच्या वरच्या कडेला धार टोकाच्या दिशेने हवी. साखळी उलटी बसली तर इंजिन कितीही ओरडलं, तरी लाकडाला नुसता चटका बसतो. भावाने चढवलेली साखळी उलटीच होती. त्याने ती काढली, फिरवली आणि पुन्हा बसवली.

मग ताण. साखळी फार आवळली तर पट्टी झिजते, सैल सोडली तर खाचेतून उतरते. हातमोजा घालून ती ओढली की सहज सरकली पाहिजे, पण पट्टीच्या खालच्या कडेला लोंबता कामा नये. नवी साखळी पहिल्या तासाभरातच लांबते, म्हणून पहिल्या दिवशी ताण पुन्हा पुन्हा पाहावा लागतो, तोही ती थंड झाल्यावर. तापलेली साखळी आवळली तर निवताना ती आखडते आणि पट्टीला आवळून धरते.

यंत्राला दोन टाक्या आहेत. एकीत पेट्रोल, आणि त्यात टू-टी तेल मिसळलेलं. जुन्या स्कूटरच्या दिवसांत पेट्रोल पंपावर हेच तेल मिसळून मिळायचं. या जातीच्या इंजिनात वंगणाचा वेगळा साठा नसतो. दट्ट्याला लागणारं तेल पेट्रोलबरोबरच आत जातं. नुसतं पेट्रोल घातलं तर दट्ट्या काही वेळात घासून चिकटतो. आमच्या पुस्तिकेत २५ ला १ हे प्रमाण होतं, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल. दुसऱ्या टाकीतलं तेल साखळीसाठी. ते थेंबाथेंबाने खाचेत उतरत राहतं. पेट्रोल आधी संपावं आणि साखळीचं तेल थोडं उरावं, अशीच टाक्यांची मापं असतात. तेव्हा एक भरताना दुसरी भरायचीच. पुष्कळ ठिकाणी या टाकीत गाडीचं जळकं तेल ओततात. ते पातळ झालेलं असतं, त्यात धातूचा बारीक कीस असतो, आणि शेवटी ते सगळं उडतं आपल्याच लाकडांवर, आपल्याच मातीवर.

प्रसूतीच्या खोलीतून रानात

हे अवजार आधी लाकडासाठी जन्मलेलंच नव्हतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकन आणि जेम्स जेफ्री या दोन शल्यचिकित्सकांनी दातेरी साखळीची बारीक हातकरवत वापरात आणली. दोन टोकांना दोन मुठी आणि मध्ये बारीक साखळी. अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाच्या हाडांमधला सांधा मोकळा करणं, सडलेलं हाड कापून काढणं, ही तिची कामं. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. सुरीपेक्षा साखळी लवकर आणि नेमकी कापते, एवढाच त्या बाईला दिलासा. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने याने पट्टीभोवती फिरणारी, मुठीने चालवायची हाडं कापण्याची साखळी केली. आज कटरची जी ओळखीची आकृती आहे, ती त्याच्या यंत्रात दिसू लागते.

रानात ही साखळी आली ती विसाव्या शतकात. आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. ती उचलायलाच दोन माणसं लागत. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प याने पेट्रोलवरची करवत थुरिंगियातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली आणि तिला त्या डोंगराचंच नाव मिळालं.

पण मला यातली सगळ्यात जवळची वाटली ती अमेरिकेतल्या ओरेगॉनची गोष्ट, कारण ती सरपणापासूनच सुरू होते. तेव्हाच्या साखळ्यांचे दात साध्या करवतीसारखे सरळ टोकांचे होते. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत आणि धार लावण्यातच अर्धा दिवस जाई. १९४६ च्या शरद ऋतूत जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जळण फोडत होता. एका बुंध्यात त्याला लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी दिसली, माणसाच्या बोटाएवढी जाड. ती लाकडाच्या रेषेच्या दिशेने जशी खात होती, तशीच आडवीही खात होती, आणि तिला कुठेच अडत नव्हतं. कॉक्सने तिचे जबडे निरखून पाहिले. दोन वाकडे जबडे. एक डावीकडून, एक उजवीकडून ढलपी काढणारा. तसेच दात त्याने पोलादात घडवले आणि १९४७ मध्ये त्या साखळ्या विकायला सुरुवात केली. आमच्या ओटीवरच्या साखळीवरही तेच डावे-उजवे दात होते.

हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘आम्ही पण किडा बघतो. पण आम्ही बघतो ते लाकूड कुजलंय का, तेवढ्यासाठी.’

पहिली दोरी

कापायची होती आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. सामाजिक वनीकरणाच्या काळात कोकणात ही रस्त्याकडेला, माळावर, बांधावर जागोजाग लावली गेली. ती झपाट्याने वाढते आणि पावसाळी वाऱ्यात तितक्याच सहज मोडते. गेल्या श्रावणात आमच्या बांधावरची एक उन्मळून पडली. खोड फुटाहून थोडं कमी जाड, फांद्या मांडीएवढ्या. आठ-नऊ महिने उन्हात पडून साल सुटू लागली होती.

कटर उभ्यानेच एका हातात झोकांडून दोरी ओढताना मी अनेकांना पाहिलं आहे. ते धोक्याचं आहे. भावाने तो सपाट जमिनीवर ठेवला, मागच्या मुठीत बुटाचं टोक रोवलं, पुढची मूठ डाव्या हाताने दाबून धरली. पेट्रोल वर घेणारा रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबला, चोक ओढला, दोरी खेचली. तिसऱ्या ओढीला इंजिनाने एक खोकला दिला. चोक आत लोटून पुन्हा दोरी, आणि सगळा परिसर त्या आवाजाने भरून गेला. शेजारच्या आंब्यावरचे कावळे उठले. काकू मागच्या दारात आली आणि कानांवर हात ठेवून उभी राहिली.

इंजिन मंद चालत असताना साखळी स्थिर असते. ती फिरत असेल तर यंत्र नीट लावलेलं नाही आणि कापायला जायचंच नाही. खटका दाबला की वेग वाढतो, आतल्या क्लचचे तुकडे बाहेर फेकले जाऊन चाकाला धरतात आणि साखळी पळू लागते. पूर्ण वेगात ती सेकंदाला वीस मीटरच्या आसपास जाते. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर, आपल्या पायांपासून हातभर अंतरावर.

भावाने इंजिनाच्या तोंडाशी असलेले पोलादी काटे खोडाला टेकवले आणि त्यांच्यावर यंत्र तोलून पट्टी खाली येऊ दिली. जोर लावावा लागला नाही. नव्या साखळीला नुसतं तिचं वजन पुरतं. पायांशी पिवळसर, चपट्या चकत्या पडू लागल्या. साखळी नीट चालली आहे की नाही, हे त्या चकत्यांवरून कळतं. ढलपे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला, यंत्र दाबावं लागलं किंवा काप एका बाजूला सरकू लागला, की थांबून कानस काढायची. आबा वाकले, एक चकती उचलून बोटांत चुरली आणि म्हणाले, ‘चावतोय बरा.’

दीड फुटाचे चौदा तुकडे व्हायला अर्धा तासही लागला नाही. तेवढ्या कामाला करवतीवर दोन माणसांची सकाळ जायची.

लाकूड कुठं ताणलंय

पंधराव्या तुकड्याला पट्टी अडकली.

खोडाचा उरलेला भाग दोन दगडांवर टेकला होता आणि भाऊ मधोमध वरून कापत होता. काप अर्ध्यावर आला आणि खोड खाली बसलं, कापाची दोन्ही तोंडं मिटली, पट्टी चिमट्यात सापडल्यासारखी धरली गेली. त्याने खटका दाबून ती सोडवायचा प्रयत्न केला. आबा तिथूनच ओरडले, ‘बंद कर आधी!’ इंजिन बंद झालं. आबा उठले, कुऱ्हाडीच्या तुंब्याने एक लाकडी पाचर कापात ठोकली, काप उघडला, पट्टी अलगद बाहेर आली.

मग त्यांनी बोटाने खोडावर दाखवलं. आडवं पडलेलं लाकूड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल, तर वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. तेव्हा वरून तिसऱ्या हिश्शाएवढंच कापायचं आणि उरलेलं खालून. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं लोंबतं असेल तर सगळं उलट. आधी खालून थोडं, मग वरून. वाकून दबलेली फांदी सगळ्यात वाईट. ती कापली की सुटून तोंडावर येते. यंत्राच्या पुस्तिकेत हेच चार चित्रांत छापलं होतं. आबांना ते छापील पान वाचता आलं नसतं, पण लाकूड कुठे ताणलंय हे ते लांबूनच सांगत होते. कुऱ्हाडीचे घाव घालताना लाकूड हळूहळू कुरकुरतं, माणसाला सावध व्हायला वेळ देतं. कटर तो वेळ देत नाही. म्हणून आता विचार काप घालण्याआधीच पुरा करावा लागतो.

तीच गोष्ट मातीची. खोडाखाली ओंडके सारून ते उचलून घेतल्याशिवाय कापायचं नाही, कारण फिरती साखळी क्षणभर जमिनीला लागली तरी सगळ्या दातांची धार जाते. दुपारी ते एकदा झालंच. मग सावलीत बसून गोल कानशीने प्रत्येक दाताला तिरकस, एकाच दिशेने, मोजून तीन-तीन घासे. आधी डावे सगळे, मग उजवे. आबांनी कानस हातात घेतली तेव्हा त्यांना काही शिकवावं लागलं नाही.

उसळी

या यंत्राचा सगळ्यात मोठा धोका पट्टीच्या टोकाला, टोकाच्या वरच्या अर्ध्या भागात असतो. फिरती साखळी तिथे एखाद्या फांदीला किंवा ओंडक्याला टेकली की लाकूड कापलं जात नाही. दात अडतो, आणि सगळी ताकद उलटी फिरून पट्टी माणसाच्या मानेच्या, चेहऱ्याच्या दिशेने उसळते. ही उसळी इतकी जलद असते की माणूस हात हलवण्याआधी ती होऊन गेलेली असते. पुढच्या मुठीसमोरची फळी याचसाठी. हात पुढे घसरून तिला लागला किंवा झटका बसला की ती पुढे पडते आणि साखळी क्षणात थांबते. हा ब्रेक १९७० च्या दशकात यंत्रांवर आला आणि त्याने किती जणांचे गळे वाचवले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणून दोन्ही हात दोन्ही मुठींवर, अंगठा मुठीभोवती वळलेला, डावा हात सरळ. खांद्याच्या वर यंत्र न्यायचं नाही. शिडीवर चढून चालवायचं नाही. आपण पट्टीच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला राहायचं. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. रोज ऐकला तर कान कायमचे जातात. तासन्‌तास कंप सोसून बोटं बधिर होतात, पांढरी पडतात.

आमच्या भागात काय दिसतं? हाफ पँट, पायात स्लिपर, डोक्याला टॉवेल. या पोशाखात माणसं दिवस-दिवस कटर चालवतात. कटरवाल्यांसाठी खास विजार मिळते. तिच्या कापडाच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी लागली तर ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि यंत्र जागीच बंद पडतं. पाय वाचतो. यंत्र विकणाऱ्या दुकानात ती मला दिसली नाही. यंत्र खेड्यात पोहोचतं आणि विजार पोहोचत नाही, ही गोष्ट मला फार टोचते. भावाला मी बूट, चष्मा, कानावरचं झाकण आणि ती विजार मागवल्याशिवाय दुसऱ्या दिवशी यंत्राला हात लावू नको, असं सांगितलं. त्याने ऐकलं. कामाला तीन दिवस उशीर झाला आणि तो उशीर मला आनंदाचा वाटला.

वादळाने आणलेलं यंत्र

कटर इथे रुळला तो वादळांमुळे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. दापोली आणि मंडणगडलाही त्याने झोडपलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आंबे-फणस मुळासकट उपटले, घरांवर झाडं पडली, रस्ते बंद झाले, वीज कित्येक दिवस आली नाही. वर करोनाचे दिवस. बाहेरून मजूर येणं अवघड. तेव्हा बचाव पथकांच्या हातातली ही यंत्रं लोकांनी जवळून पाहिली. कुऱ्हाडीने जे दिवसभर हललं नसतं ते खोड तासाभरात रस्त्यावरून बाजूला होत होतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. तोवर आमच्या आसपासच्या वाड्यांत दोन-तीन घरी कटर पोहोचले होते.

त्या दिवसांत या यंत्राने माणसांना घरात परत नेलं, हे विसरता येणार नाही. आमच्या गोठ्यावर पडलेला फणस शेजारच्या गावातल्या एका पोराने कापला. दोन दिवसांत तो सात घरं मोकळी करून गेला. नारळ मात्र त्यालाही जड गेला. नारळाचं खोड बाहेरून कठीण, आत भुसभुशीत. बाहेरचा कडक भाग साखळीची धार बघता बघता खातो.

फोडायला कुऱ्हाडच

तुकडे झाले म्हणजे सरपण झालं, असं नाही. गोल ओंडका सालीच्या आत पाणी धरून बसतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. ते चुलीत घातलं तर बरीच आग त्या पाण्याची वाफ करण्यातच जाते आणि उरतो तो धूर, चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत. ओंडका फोडला की आतला भाग उघडा पडतो आणि वारा लागून सुकतो. फोडायला अजून कुऱ्हाडच. लाकूड रेषेच्या दिशेने चिरलं जातं, आणि तिथे साखळीपेक्षा पाचरीसारखं जाड पातं बरं. काकूने फळकी उचलून बघितली. सुकलेल्या दोन फळक्या एकमेकींवर आपटल्या की टणक, खणखणीत आवाज येतो; ओल्या धप वाजतात. धप वाजलेल्या तिने उन्हात वेगळ्या टाकल्या.

रास रचायचं कामही तिचंच. साल वरच्या बाजूला, मध्ये वाऱ्याला फटी, टोकाला आडव्या-उभ्या फळक्यांचा खांब, म्हणजे रास ढासळत नाही. सकाळी कापलेलं सगळं फोडून, वाहून, रचून होईपर्यंत तीन दिवस गेले. यंत्राने एक टप्पा झटक्यात उरकला, पण पुढची कामं जशीच्या तशी अंगावर राहिली. ती अजूनही बहुतेक बायकांच्याच अंगावर राहतात.

दमण्याची सोय

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आबा आणि मी पडवीत बसलो होतो. मी त्यांना विचारलं, हे यंत्र तुमच्या तरुणपणी असतं तर? ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कुऱ्हाड दमते. म्हंजे आपण दमतो. दोन झाडं झाली की हात सांगतो, बस. हा कटर दमत नाय.’

त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे पूर्वी भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडांची कवळ तोडत, म्हणजे डहाळ्या. झाड उभं राहायचं. ऐन आणि किंजळ बुंध्याशी तोडले तरी पुन्हा फुटतात, पण त्यांना वर्षं द्यावी लागतात. एका माणसाच्या हातांनी एका हंगामात किती तुटणार, याला शरीराचीच मर्यादा होती. त्या मर्यादेत डोंगर पुन्हा हिरवा व्हायला सवड मिळायची. आता आमच्याच तालुक्यात खाजगी डोंगर ठेकेदाराला दिला की आठवड्यात उघडा होतो. चार कटर, एक ट्रक. जाताना मी तसा एक उतार पाहिला. जाड-बारीक असा भेद न करता सगळं जमिनीलगत सपाट कापलेलं होतं, आणि पहिल्या पावसात तिथली माती कुठे जाणार, ते खालच्या पऱ्ह्याकडे बघूनच कळत होतं.

कायदा आहे. झाडं तोडण्याचं नियमन करणारा राज्याचा कायदा १९६४ चा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, ऐन, किंजळ, खैर, साग ही त्याच्या यादीतली झाडं आपल्या मालकीच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण हा कायदा कुऱ्हाडीच्या काळात लिहिला गेला. कुऱ्हाडीचा ठोका दूरवर घुमायचा, काम दिवसभर चालायचं, कुणाला ना कुणाला कळायचं. आता परवानगीचा कागद हलायच्या आत झाड आडवं झालेलं असतं. दमण्याची सोय अवजारात होती, ती गेली. ती आता माणसाने मनात करायला हवी. ही जबाबदारी यंत्र विकत घेतानाच आपण घरी आणतो, आणि तिची नोंद बिलावर नसते.

भावाने तेवढ्यात कटर पुन्हा काढला. टाकीत पेट्रोल शिल्लक होतं, उजेड होता. बांधाच्या टोकाला सरळ वाढलेला एक ऐन होता, त्याच्याकडे त्याची नजर गेली. ‘एवढा पण आडवा केला तर पुढच्या वर्षीचं पण होईल,’ तो म्हणाला. आबा गप्प राहिले.

आतून काकूचा आवाज आला. ती राशीवर शेवटची फळकी ठेवत होती. हात वर करून तिने तुळई चाचपली. ‘लागली रे तुळईला. पुरे आता.’

भावाने पुढची फळी ढकलली. खट् असा बारीक आवाज झाला. त्याने साखळीतला भुसा ब्रशने झाडला, पट्टीवर म्यान चढवलं आणि यंत्र मांगरात, कुऱ्हाडीशेजारच्या खुंटीखाली ठेवलं.